सातव्या खोलीतला खालचा सूर

सातव्या खोलीतल्या म्हातारीचे कपडे मी नेहमी सगळ्यांच्या शेवटी धुते. मशीन तेच, पावडर तीच, पण तिचे कपडे दुसऱ्यांच्या कपड्यांत टाकायला माझा हात होत नाही. तिच्या कार्डिगनच्या खिशात हात घालायचा म्हणजे अंगावर काटा येतो. चघळून मऊ केलेली बिस्किटं, टोस्टचा तुकडा, एकदा तर उकडलेलं गाजर. तोंडात घालायचं, चावायचं, नकोसं झालं की काढून खिशात ठेवायचं. मी रबरी हातमोजे घालूनच ते बाहेर काढते, तरी घरी आल्यावर जेवायला बसताना बोटांना तोच आंबूस वास येतोय असं वाटतं आणि घास तोंडात फिरतो.

लंडनमध्ये इल्फर्डच्या बाजूला म्हाताऱ्या माणसांचं एक केअर होम आहे, तिथे मी लाँड्रीत काम करते. आमचे हे हॉस्पिटलात पोर्टर होते. ते गेल्यावर घरात एकटीला बसवेना म्हणून हे काम धरलं. माझी शाळा चौथीत सुटली, इंग्रजी कामापुरतं. लाँड्री मला बरी वाटली, कारण कपडे बोलत नाहीत. धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करायची आणि ज्याचे त्याच्या खोलीत नेऊन कपाटात लावायचे. मॉर्निंग म्हणायचं, थँक्यू म्हणायचं, दार लावून घ्यायचं.

सातव्या खोलीत मात्र असं सुटता येत नाही. ही म्हातारी शंभरीला टेकलेली. नुसती हाडं आणि कातडी, पण आवाज पुरुषासारखा जाड. मला ती लाँड्री म्हणूनच हाक मारते. लाँड्री, माझा निळा स्वेटर तू चोरलास, म्हणते. स्वेटर तिच्या अंगातच असतो. एकदा इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यांवर ती थुंकली, तेही माझ्याकडे बघत. मी अभ्रे उचलून परत धुवायला नेले. म्हातारं माणूस आहे, दया करावी, असं मी मनाला पुष्कळदा सांगून पाहिलं. दया आली नाही. किळस आली.

त्यात तिचं ते घुमणं. खिडकीशी बसून ती नाकातून काहीतरी म्हणत असते. त्याला गाणं म्हणवत नाही. एकाच ठिकाणी बराच वेळ थांबायचं, जरा खाली उतरायचं, परत तिथेच येऊन बसायचं. जुना फ्रिज घुमतो तसं. शेजारच्या खोलीतले आजोबा भिंतीवर काठी आपटायचे. नर्सा आपापसात डोळे फिरवायच्या.

तिच्या पलंगाच्या वर एक काळापांढरा फोटो आहे. चार मुली, एकसारखे झगे, एकसारखे केस, एकाच माइकपुढे गालाला गाल लावून उभ्या. आमची मॅनेजर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की दुसरी मोठी लढाई संपत आली तेव्हा या मुली सोल्जरांच्या छावण्यांत आणि डान्स हॉलमध्ये गायच्या. तिघी सख्ख्या बहिणी आणि चौथी शेजारची, म्हणजे ही. फोटोत ही सगळ्यात कडेला आहे. अर्धा चेहरा माइकच्या मागे गेलाय. तिघी हसतायत आणि ही कशालातरी कान देऊन ऐकतेय असं दिसतं.

एकदाच, चांगल्या दिवशी, ती माझ्याशी सरळ बोलली होती. मी कपाट लावत होते. ती फोटोकडे बघून म्हणाली की लोकांना वरची गाणारी आठवते, मला कुणी ऐकलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "मी एक दिवस गप्प बसले असते ना, तर कळलं असतं सगळ्यांना." आणि लगेच तिने मला विचारलं की निळा स्वेटर कुठे ठेवलास.

गेल्या वर्षी मॅनेजरने ठरवलं की होममध्ये लढाईच्या काळातली टी पार्टी करायची. कागदी झेंडे, केक, आणि त्या काळची गाणी म्हणणाऱ्या तीन बायका भाड्याने बोलवायच्या. तयारी म्हणून त्या गाण्यांची सीडी हॉलमध्ये रोज लावायला सुरुवात झाली. एक गाणं तर इतक्या वेळा वाजायचं की कपडे घडी करताना माझे हात त्याच तालात चालायला लागले. कुणीतरी कुणाला तरी स्टेशनवर सोडायला आलंय, लवकर ये म्हणतंय, असा काहीसा अर्थ मला लागला. पण ते ऐकून मला कसंतरीच व्हायचं. एकाच वेळी तीन-चार बायका, आणि प्रत्येकीचा सूर वेगळा.

रविवारी मुलीचा केंब्रिजहून फोन येतो, तेव्हा मी तिला विचारलं की या बायकांना एका सुरात गाता येत नाही का. ती हसली. "आई, तो हार्मनी आहे. सगळे वेगळं गातात, पण एकदम फिट होतं." तिचं मराठी असंच आहे, ही-तो-ते सगळं एका पिशवीत.

मला ते पटलं नाही. आमच्या शाळेत प्रार्थनेला ज्याचा सूर वेगळा जाईल त्याच्या हातावर छडी बसायची. इथेही गणपतीला हॉल घेतात, पुण्यामुंबईची कॉम्प्युटरवाली मुलं आणि डॉक्टर मंडळी जमतात, आरती होते. आरतीत एखादी वर गेली की आपण हळूच तिच्या सुरात जाऊन मिळायचं, हीच रीत. वेगळं राहिलं तर चारचौघांत उठून दिसतं. मी तर इतकी हळू म्हणते की माझं मलाच ऐकू येऊ नये. हळदीकुंकवाला उखाण्याची वेळ आली की मी चहाची भांडी घासायला स्वयंपाकघरात जायची. हे विचारायचे, आज कितव्यांदा घासलीस कपबशी.

पार्टीच्या दिवशी त्या तिघी दुपारी आल्या, आणि मॅनेजरने त्यांना कपडे बदलायला माझ्या लाँड्रीतच पाठवलं. आल्या आल्या त्यांनी खाकी ड्रेस माझ्या टेबलावर टाकले. इस्त्री मार हं डार्लिंग, म्हणाल्या. सोल्जर बायकांसारखे ड्रेस, पण कापड नायलॉनचं. इस्त्री जरा गरम लागली असती तर वितळून चिकटलं असतं. काखेत जुना घाम, त्यावर सेंट मारलेला, त्यावर परत घाम. वाफ लागली तसा तो वास खोलीभर पसरला. कपडे धुवायचे सोडून त्यांवर सेंट मारणाऱ्या माणसांचं मला काही समजत नाही.

तिघींत जी पुढारी होती ती आरशात बघून ओठ रंगवत होती. लालभडक. ती दुसरीला म्हणाली की त्या खऱ्या ग्रुपमधली एक इथे आहे म्हणे, अजून जिवंत. दुसरी म्हणाली, जिवंत म्हणजे कितपत? दोघी हसल्या. पुढारी म्हणाली, फोटोपुरती जिवंत असली तरी बास, पेजवर टाकला की वर्षभराची कामं मिळतील. मी तिथेच इस्त्री घेऊन उभी होते. टेबल जसं उभं असतं तशी.

मला वाटलं, म्हातारी हिच्यावर थुंकेल. मी खरोखर त्याची वाट बघत होते.

म्हातारीला चाकांच्या खुर्चीत बसवून हॉलमध्ये आणलं होतं. पुढारी तिच्यासमोर गुडघ्यावर बसली, तिची हनुवटी धरली आणि स्वतःची लिपस्टिक काढून तिच्या ओठांवर फिरवली. स्वतः नुकतीच लावलेली, तीच. आणि म्हातारीच्या ओठांच्या कडांना तर केकचे कण होते, लाळ होती. मग टिश्यूने लिपस्टिकचं टोक पुसलं, टोपण लावलं आणि पर्समध्ये टाकली. घरात आम्ही एकमेकांचा पाण्याचा पेला ओठाला लावत नाही, वरून पितो. आणि ही बाई तोंडाची उष्टी वस्तू दुसरीच्या तोंडाला लावते आणि परत उद्या आपल्या तोंडाला लावणार. कुणाचं उष्टं कुणाला, काही हिशेबच नाही.

पण म्हातारी थुंकली नाही. तिने चेहरा वर केला, डोळे मिटले, ओठ ताणले, मग एकमेकांवर दाबून रंग सारखा केला. कधीकाळी रोज करत असेल तसं. डोळे उघडले तेव्हा ती निराळीच दिसली. पाठ खुर्चीपासून सुटली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं,

"मी कुठे उभी राहू?"

"तू इथेच बस, डार्लिंग," पुढारी म्हणाली. "तू फक्त छान दिस."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण कानाला कळतं. कुत्र्याच्या पिल्लाशी बोलतात तसला तो आवाज होता. तिघी तिच्या खुर्चीभोवती वाकल्या, गालाला गाल लावल्यासारखं केलं, लावले नाहीत, आणि मॅनेजरने फोटो काढला. फोटो झाल्याबरोबर त्या सरळ झाल्या आणि पुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हातारीचा हात अजून तसाच वर होता, कुणाच्या तरी कमरेला धरायला गेलेला.

तेव्हा मला कळलं की तिला गायला बोलावलंय असं तिने धरलं होतं.

त्यांचं गाणं सुरू झालं. तिघींचे तीन माइक, तिन्ही लांब लांब. मागे एक स्पीकरची पेटी, तिच्यातून बँड वाजतोय, आणि त्या पेटीतून आणखी बायकांचे आवाजही येतायत. या फक्त वरून थोडं म्हणायच्या, हात कपाळाला लावून सलाम करायच्या, कंबर हलवायच्या आणि आजोबांना डोळे मारायच्या. मी मागे कपबशांच्या ट्रॉलीपाशी उभी होते. मग ते स्टेशनचं गाणं आलं.

म्हातारीने घुमायला सुरुवात केली.

तेच. फ्रिजसारखं. एका ठिकाणी थांबायचं, खाली उतरायचं, परत यायचं. इतके महिने मी ते तिच्या खोलीत ऐकत होते, सीडी हॉलमध्ये वाजायची, आणि आज पहिल्यांदा त्याच्यावर गाणं होतं. रजई खोळीत भरताना कधी कधी कोपरा सापडत नाही, आपण चाचपत राहतो, आणि मग एकदम कोपऱ्यात कोपरा जाऊन बसतो, तसं झालं. ते घुमणं म्हणजे त्या गाण्याची खालची बाजू होती. वरचं तिला येतच नव्हतं बहुतेक, कधी आलंही नसेल. तिने जन्मभर तिचंच म्हटलं होतं, आणि आम्हाला वाटत होतं म्हातारी भ्रमिष्ट झाली.

पण ती मोठ्याने म्हणत होती, आणि पेटीपेक्षा जरा सावकाश. पुढे दोघं-तिघं हसले. एका नर्सने तोंडावर हात घेतला. पुढारीने गाता गाता मॅनेजरकडे बघून भुवया वर केल्या, म्हातारीकडे मान हलवली, आणि हसू जराही कमी केलं नाही. ते हसू मला अजून दिसतं. दात लिपस्टिकने लाल झालेले.

मॅनेजर माझ्यापाशी आली आणि कानात म्हणाली, हिला खोलीत घेऊन जा लव्ह, ती अपसेट झालीय. मी म्हणाले, "शी इज सिंगिंग." माझ्या मते मी म्हणाले. पेटीचा आवाज मोठा होता. मॅनेजरने माझ्या दंडावर थोपटलं आणि खुर्चीचा ब्रेक स्वतःच सोडला.

दारातून नेताना म्हातारीने चौकट धरली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ती गातच होती. कॉरिडॉरमध्ये मागचं गाणं बारीक होत गेलं आणि हिचं एकटीचं राहिलं, आणि एकटं राहिल्याबरोबर ते परत फ्रिजसारखं ऐकू यायला लागलं. मला इतकी चीड आली. तिची नाही. कशाची ते सांगता येत नाही.

खोलीत आणल्यावर मी फडकं कोमट पाण्यात भिजवून तिचे ओठ पुसायला लागले. तिने माझ्या हातावर फटका मारला. लिपस्टिक हनुवटीपर्यंत पसरली, जखम झाल्यासारखी. मी परत पुसलं. तिने परत मारलं. मग तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडायला लागली. नाकातून, लाळेतून, सगळीकडून. तिची छाती तेवढी वरखाली होत होती, आणि मधूनच त्या रडण्यातसुद्धा ती खालचा सूर धरायला बघत होती, जमत नव्हता.

मी उठून दार लावलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि त्या स्टेशनच्या गाण्याची वरची चाल म्हणायला लागले. शब्द येत नव्हते, नुसतं ला ला. माझा आवाज कसा आहे हे मला माहीतच नव्हतं. पातळ निघाला, थरथरत.

तिचं रडणं थांबलं. जरा वेळ गेला आणि मागून तिने सुरू केलं.

आणि तिने सुरू केल्याबरोबर मी काय केलं, तर वरून खाली येऊन तिच्या सुरात जाऊन मिळाले. आरतीत मिळतात तसं. मला ती अदब वाटत होती. मोठं माणूस म्हणतंय, आपण त्याच्याबरोबर म्हणावं. फाडकन माझ्या पाठीत उशी बसली.

मी वळले. परत वरून सुरुवात केली, परत ती आली, परत माझा सूर घसरला. तिने हाताने मला जवळ बोलावलं. मी गेले तर तिने माझा कान पकडला आणि माझं डोकं खाली ओढलं.

"खाली येऊ नकोस," ती म्हणाली. "खाली मी आहे."

मग तिने माझा गाल तिच्या गालाला लावला. घट्ट. मी मागे सरायला बघितलं तर कान सोडीना. एकच माइक असायचा, असं म्हणाली, लांब राहिलीस तर मला ऐकशील कशी. तिचा गाल ओला होता, त्यावर लिपस्टिकचा मेणासारखा थर. तोंडातून आंबलेल्या दुधाचा, कवळीचा आणि केकचा वास सरळ माझ्या नाकात. मी डोळे मिटले आणि वरची चाल म्हणायला लागले. तिने तिची धरली. तिचा आवाज माझ्या कानात येतच नव्हता, जबड्याच्या हाडातून येत होता, दाढेत झिणझिण्या आल्यासारखा. जिथे माझा सूर तिच्याकडे घसरायला लागायचा तिथे ती कान पिळायची. असं करत आम्ही शेवटपर्यंत गेलो. शेवटाला ती एका जागी लांबवर थांबली, मीही थांबले, आणि दोन्ही वेगळे असून कुठे काही टोचत नव्हतं.

मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. मला नाक धुवायचं होतं.

तिने कान सोडला. मी फडकं घेतलं, तिने तोंड पुढे केलं आणि मी सगळा लाल रंग काढला. ती म्हणाली की वरच्या नेहमी पुढे पळतात, तूही पळतेस. मग खिशात हात घालून तिने एक बिस्किट काढलं, कडेने चघळलेलं, आणि माझ्या हातात ठेवलं. माझ्या हातात मोजे नव्हते. मी ते मुठीत धरून बाहेर आले, स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि साबणाने हात कोपरापर्यंत धुतले. हॉलमध्ये टाळ्या चालल्या होत्या.

तो फोटो त्या गाणाऱ्या बायकांच्या पेजवर गेला. मॅनेजरने मोठा करून कॉरिडॉरमध्येही लावला. मी मुलीला दाखवला तर ती म्हणाली, आई, किती क्यूट, ती किती हॅपी दिसतो. त्यात म्हातारीचा चेहरा वर आहे, डोळे चमकतायत, पाठ ताठ आहे. ती खुश दिसते हे खोटं नाही. कशासाठी खुश होती ते फक्त फोटोत नाही. रोज कपड्यांची ट्रॉली ढकलत मी त्याच्या समोरून जाते आणि रोज माझं तोंड कडू होतं. एकदा मी मॅनेजरला म्हणाले की हा फोटो काढा. ती म्हणाली, का गं, तुला आवडला नाही? मला कारण इंग्रजीत सांगता आलं नाही. मराठीत तरी कुठे धड सांगता येतंय.

सातव्या खोलीचे कपडे मी अजून शेवटीच धुते. खिशात हात घालायच्या आधी अजून मोजे घालते. स्वेटर चोरल्याचं अजून ऐकते. कपाट लावून झालं की दार लोटून घेते आणि तिच्या खुर्चीपाशी वाकते. ती कान पकडते. वास तोच आहे, काही कमी झालेला नाही. मला एवढंच कळलंय की ओळ संपली की ती श्वास सोडते, तेव्हा मी माझा धरून ठेवायचा, आणि ती घेते तेव्हा घ्यायचा. मग निभतं. शेजारचे आजोबा भिंतीवर काठी आपटतात. आम्ही शेवटपर्यंत जातो, आणि हल्ली तिला कान फारसा पिळावा लागत नाही.